पहारेकरी पेशींचा शोध लावणारे इल्या मेचनिकोव्ह



अनवाणी खेळताना पायात काटा मोडला आणि तो वेळीच निघाला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणे वैद्यांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहेत. या अवस्थेला वैद्यकात दाह म्हणतात. दाह म्हणजे शरीरावर कोसळलेले संकट, असेच शेकडो वर्षे मानले जात असे. तो शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी मांडलेला लढा आहे, ही गोष्ट प्रथम प्रयोगाने पटवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकोव्ह.

या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र मुद्दाम निवडले आहे. यकृताचे जुनाट आजार आज घरोघरी ऐकू येतात. कोणाच्या तपासणीत यकृतावर चरबी निघते, कोणाला वर्षानुवर्षांची कावीळ असल्याचे अचानक कळते. या आजारांत यकृताचे जे नुकसान होते, त्यात आपल्याच शरीराच्या न थांबणाऱ्या दाहाचा वाटा फार मोठा असतो. रक्षण करणारी शक्ती घातक कशी ठरते, हे समजून घ्यायचे तर मेचनिकोव्ह यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

बालपण आणि शिक्षण

इल्याचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील सैन्यातील अधिकारी होते. आई एमिलिया ही एका ज्यू लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा आणि इतका चळवळ्या, की घरात त्याला पारा म्हणत. मोठ्या भावाला शिकवायला एक विद्यार्थी घरी येत असे. त्याने इल्याला झाडाझुडपांची आणि किड्यामुंग्यांची गोडी लावली. लवकरच हा मुलगा आसपासच्या मुलांना गोळा करून निसर्गावर व्याख्याने देऊ लागला. मुलांनी शेवटपर्यंत बसावे म्हणून तो आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना नाणी देत असे!

खारकीव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत पुरा केला. पुढे जर्मनीत आणि इटलीत समुद्री जीवांचा अभ्यास केला. १८६५ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे एका चपट्या कृमीचे निरीक्षण करताना त्याच्या लक्षात आले, की या प्राण्याच्या पेशी अन्नाचा कण थेट आपल्या पोटात घेतात आणि तिथेच पचवतात. ही बाब तेव्हा किरकोळ वाटली, पण तिने त्याच्या मनात घर केले. नेपल्समध्ये अलेक्झांडर कोव्हालेव्स्की या मित्राबरोबर त्याने प्राण्यांच्या गर्भवाढीवर काम केले आणि १८६७ मध्ये दोघांना त्याबद्दल मोठे पारितोषिक मिळाले. १८७० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मेचनिकोव्ह ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दुःखाची वर्षे

विद्वत्तेची वाट अशी झपाट्याने चालत असताना घरात मात्र दुःख उभे होते. १८६९ मध्ये त्यांचा ल्युडमिला यांच्याशी विवाह झाला. वधूला क्षयाने इतके ग्रासले होते, की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. मेचनिकोव्ह यांनी तिच्यासाठी उबदार हवेचे प्रदेश शोधले, अनेक कामे पत्करली. त्यांचे स्वतःचे डोळे अधू होत चालले होते, सूक्ष्मदर्शकाचे काम अनेकदा थांबवावे लागे. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ल्युडमिला यांचे निधन झाले. या आघाताने ते इतके खचले, की जगण्याची इच्छाच उरली नाही. त्या काळोखातून ते वाचले, सावरले आणि पुन्हा कामाला लागले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला. ओल्गा पुढे त्यांच्या प्रयोगांतील सहकारी झाल्या, उत्तम चित्रकार झाल्या आणि पतीचे सविस्तर चरित्रही त्यांनीच लिहिले. १८८० मध्ये ओल्गा यांना विषमज्वराने गाठले. त्या बऱ्या झाल्या, पण पुढच्याच वर्षी मेचनिकोव्ह यांनी तापाच्या एका रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. उलटून येणारा ताप रक्तातून पसरतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यात त्यांचा जीव जाता जाता वाचला. असे धाडस कोणीही करू नये, आज कायदाही ते करू देणार नाही. पण या प्राणिशास्त्रज्ञाच्या मनात रोगाचा प्रश्न किती खोल रुतला होता, ते यावरून दिसते.

काटा आणि तारामासा

१८८१ मध्ये रशियाचा सम्राट झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि विद्यापीठांत दडपशाहीचे वातावरण आले. मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला. ओल्गांच्या आईवडिलांच्या पश्चात धाकट्या भावंडांची जबाबदारी या दांपत्यावर आली होती. सर्वांना घेऊन ते इटलीच्या सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात येऊन राहिले. नोकरी नाही, पदवी-परीक्षांची धावपळ नाही. समोर समुद्र आणि दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक, एवढाच संसार.

डिसेंबर महिन्यात एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली. मेचनिकोव्ह एकटेच तारामाशाची अळी पाहत बसले होते. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते, तिच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी जिवंतपणी दिसतात. त्यांच्या मनात विचार आला, की या भटक्या पेशी अन्नाचा कण गिळतात तशा शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील काय? तसे असेल, तर अळीत काटा टोचल्यावर त्या काट्याभोवती जमल्या पाहिजेत. घराच्या छोट्या बागेत मुलांच्या नाताळसाठी संत्र्याचे एक लहानसे झाड सजवलेले होते. तिथूनच त्यांनी गुलाबाचे काही काटे आणले आणि अळ्यांच्या पातळ कातडीखाली सरकवले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे पाहतात तो काट्याला पेशींनी चहूबाजूंनी वेढा घातलेला!

या साध्या प्रयोगाचे महत्त्व कशात आहे? त्या काळी दाहाचे मूळ रक्तवाहिन्यांत आहे, असे मोठमोठे वैद्यकतज्ज्ञ मानत. रक्तवाहिन्या दुखावतात, गळू लागतात आणि त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, असे ते सांगत. तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. तरीही पेशी काट्याकडे धावल्या. म्हणजे दाहाचा गाभा पेशींच्या त्या धावण्यात आहे, हे उघड झाले. पेशींचे धावणे, शत्रूला घेरणे आणि गिळणे हाच शरीराच्या रक्षणाचा मूळ मार्ग, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८८३ मध्ये जर्मनीचे विख्यात वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ व्हिर्चो मेसिनाला आले. त्यांनी हे प्रयोग पाहिले आणि उत्तेजन दिले. पण सावधही केले, कारण पांढऱ्या पेशी जंतूंना आपल्यात आसरा देऊन शरीरभर पसरवतात, असे तेव्हाच्या वैद्यकात शिकवले जात होते. त्याच वर्षी व्हिएन्नाचे प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक भाषेतून फॅगोसाइट हे नाव मिळाले. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. त्यांतील मोठ्यांना मेचनिकोव्ह यांनी मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक असे नाव दिले. ते आजही जगभर वापरले जाते. १८८४ मध्ये त्यांनी पाणपिसूच्या शरीरातील लढाई दाखवली. सुईसारखे बुरशीचे कण तिच्या शरीरात शिरले, की भक्षक पेशी त्यांवर तुटून पडत. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगे, बुरशी जिंकली तर ती मरे.

ओडेसा, पॅरिस आणि मुंबई

१८८६ मध्ये ओडेसा येथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील पाश्चर यांची लस देण्यासाठी संस्था निघाली आणि मेचनिकोव्ह तिचे संचालक झाले. पण त्यांच्याकडे डॉक्टरची पदवी नव्हती. स्थानिक डॉक्टरांचा आणि वृत्तपत्रांचा विरोध वाढत गेला. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा देऊ केली. तिथे ते जे गेले, ते अखेरपर्यंत तिथेच राहिले.

इथे आपल्याशी जोडलेला एक धागा सांगितलाच पाहिजे. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन नावाचा एक ज्यू विद्यार्थी शिकत होता. पुढे तोही पॅरिसला पाश्चर संस्थेत आला. त्याने पटकीवरची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून पाहिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. सुटीत मुंबईला नातेवाइकांकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांनी परळची ती इमारत जरूर पाहावी. ओडेसातल्या एका गुरूच्या वर्गापासून निघालेली वाट तिथवर आली आहे.

पंचवीस वर्षांचा वाद

१८९० मध्ये जर्मनीत बेहरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी दाखवले, की घटसर्प आणि धनुर्वात यांचे विष निष्प्रभ करणारे पदार्थ रक्तद्रवात तयार होतात. झाले! शरीराचे रक्षण रक्तद्रव करतो, पेशींचे काम फक्त मेलेले जंतू झाडून टाकण्याचे, असे जर्मन शास्त्रज्ञ म्हणू लागले. मेचनिकोव्ह एकेका आक्षेपाला प्रयोगाने उत्तर देत राहिले. १८९१ मध्ये पॅरिसला त्यांनी दाहावर एक व्याख्यानमाला दिली. अमीबा, स्पंज, किडे, मासे, बेडूक आणि शेवटी माणूस अशा क्रमाने दाह प्राणिसृष्टीत कसा चढत गेला, ते त्यांनी त्यात मांडले. पुढच्या वर्षी ती ग्रंथरूपाने आली.

पेशींना शत्रूचा पत्ता कसा लागतो, हाही प्रश्न होता. १८८८ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी दाखवले, की जंतूंपासून निघणारी रसायने पांढऱ्या पेशींना आपल्याकडे ओढतात. म्हणजे दाह ही एका अर्थी संदेशांची यंत्रणा आहे. कुठून तरी रासायनिक हाक येते आणि पेशी त्या हाकेला धावतात. १९०३ मध्ये इंग्लंडचे आल्मरॉथ राइट यांनी रक्तद्रवातले काही पदार्थ जंतूंना चिकटून त्यांना भक्षक पेशींसाठी गिळायला सोपे करतात, असे दाखवले. तेव्हा दोन्ही पक्षांचे म्हणणे एकमेकांना पूरक आहे हे कळू लागले. १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पेशींचा पक्ष मांडणारे मेचनिकोव्ह आणि रक्तद्रवाचा पक्ष मांडणारे पॉल एर्लिख या दोघांना मिळून देण्यात आले. दैवाचा खेळ असा, की त्याच डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेला झालेल्या भूकंपाने मेसिना शहर उद्ध्वस्त झाले.

पहारेकरी घरातच शस्त्र चालवतो तेव्हा

नोबेल मिळण्याच्या आधीपासूनच मेचनिकोव्ह म्हातारपणाचा अभ्यास करू लागले होते. वार्धक्याच्या शास्त्राला जेरोंटॉलॉजी हा शब्द त्यांनीच १९०३ मध्ये दिला. वृद्ध शरीरातील मेंदू, मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांत त्यांना एकच दृश्य दिसले. काम करणाऱ्या नाजूक पेशी नाहीशा होत आहेत आणि त्यांच्या जागी निरुपयोगी तंतूंचे घट्ट जाळे पसरत आहे. याला आपलेच महाभक्षक कारण आहेत, असे त्यांनी मांडले. ज्यांच्या गौरवासाठी त्यांनी पंचवीस वर्षे झगडा केला, त्याच पेशींवर त्यांनी हा आरोप ठेवला. आम्हाला त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

महाभक्षकांना कोण चेतवतो? मेचनिकोव्ह यांचे उत्तर होते, मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू. त्यांची विषे रक्तात शिरतात, असे ते म्हणत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आंबट दूध सुचवले, कारण ते विरजणारे जंतू कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. बल्गेरियातील दह्यातला जंतू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुणाने शोधला होता. मेचनिकोव्ह रोज आंबट दूध घेऊ लागले आणि पाहता पाहता युरोपभर त्याचे वेड पसरले. आपल्या घरी तर पिढ्यान्पिढ्या विरजण लागतेच. पण दह्याने आयुष्य वाढते हे त्यांचे म्हणणे सिद्ध झाले नाही. मोठे आतडे माणसाला निरुपयोगी आहे, हे त्यांचे मतही चुकीचे होते. थोर माणसाचे सगळेच बरोबर असते असे नाही, हेही विद्यार्थ्यांनी शिकावे.

मात्र आतडे, जंतू, महाभक्षक आणि तंतूंचे जाळे ही त्यांनी लावलेली संगती वाया गेली नाही. यकृताच्या बाबतीत ती फारच खरी ठरली.

यकृताची वेस

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून येते. पचलेल्या अन्नाबरोबर जंतूंचे तुकडे आणि विषारी पदार्थही त्यात असतात. म्हणून यकृत ही जणू गावाची वेस आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती तिथे होते. १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पावलोव्ह, नेन्त्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यांच्या आतड्यांकडचे रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या नीलेत सोडले होते. अशा कुत्र्यांनी मांस खाल्ले, की ते गोंधळल्यासारखे वागत, अडखळत, त्यांना झटके येत. वेस उघडी पडली की काय होते, ते त्यावरून कळले.

या वेशीवर पहारा देतात त्या कुप्फर पेशी. त्या यकृतातल्या महाभक्षकच आहेत. शरीराच्या अवयवांत वस्ती करून राहणाऱ्या महाभक्षकांपैकी बहुतांश एकट्या यकृतात असतात. त्यांच्या नावाची गंमत आहे. १८७६ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ कुप्फर यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवून यकृतात ताराकृती पेशी दाखवल्या. पुढे महाभक्षकांना त्यांचे नाव चिकटले. पण कुप्फर यांनी आधी पाहिलेल्या पेशी त्यांच्या शेजारच्या, अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या निराळ्याच पेशी होत्या, हे १९७१ मध्ये जपानचे वाके यांनी स्पष्ट केले. या दोन शेजाऱ्यांची नावे शतकभर एकमेकांत मिसळली होती. यकृताच्या आजारात दोघांचीही भूमिका मोठी आहे.

पहारेकरी शत्रूला ओळखतो कसा, याचे उत्तर पुन्हा एका क्षुद्र जीवाने दिले. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत टोल नावाचे जनुक बुरशीपासून तिचे रक्षण करते, हे दाखवले. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने सस्तन प्राण्यांत तशाच एका ग्राहकाने जंतूंच्या आवरणाचा तुकडा ओळखला जातो, हे शोधले. या दोघांना राल्फ स्टाइनमन यांच्यासह २०११ चे नोबेल मिळाले. असा तुकडा लागताच कुप्फर पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन अशी संदेशद्रव्ये सोडतात. रक्तातून आणखी भक्षक पेशी धावत येतात. जंतू संपतो, संदेश थांबतात, जखम भरते. रक्षण व्हायचे ते असे.

पण कारणच संपले नाही तर? हिपॅटायटिस बी किंवा सी चा विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. अतिरिक्त साखर-चरबीने फुगलेल्या यकृतपेशी दुखावत राहतात. दारू आतड्याचे अस्तर सैल करते आणि जंतूंचे तुकडे वेशीवर थडकत राहतात. मग धोक्याची घंटा थांबतच नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृतपेशींना स्वतः फारसा मारत नाही, त्याला हुडकताना आपलीच रक्षकसेना त्या पेशी मारते. संदेश ऐकून ऐकून शेजारच्या ताराकृती पेशी आपले जीवनसत्त्वाचे साठे टाकून देतात आणि कोलॅजनचे तंतू विणू लागतात. जखमेवर वण यावा तसा साऱ्या यकृतात वण पसरतो. यकृत कठीण आणि गाठाळ होते, त्याला सिऱ्होसिस म्हणतात. पुढे जलोदर, रक्ताची उलटी, कधी कर्करोग. मेचनिकोव्ह यांनी पाहिलेले तंतूंचे जाळे ते हेच.

तर मग हे संदेशच बंद करावेत का? तसा प्रयत्न झाला. मद्यामुळे यकृताला तीव्र दाह झालेल्या रुग्णांना फ्रान्समध्ये टीएनएफ रोखणारे औषध दिले गेले. जंतुसंसर्ग इतके वाढले, की तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २००४ मध्ये त्याचा अहवाल आला. पहारेकऱ्याला झोपवले तर चोर मोकळे सुटतात. याउलट २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की यकृताला इजा होत असताना जे महाभक्षक वण वाढवतात, तेच इजा थांबल्यावर वण विरघळवायला मदत करतात. म्हणून मूळ कारण दूर करणे हाच खरा उपाय.

आपल्यासाठी

आता पालकांशी आणि विश्वस्तांशी थोडे बोलतो. नवजात बाळाला हिपॅटायटिस बी चा संसर्ग झाला, तर सुमारे दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. प्रौढात असे क्वचितच होते. म्हणून जन्मानंतर चोवीस तासांच्या आत या लसीची पहिली मात्रा द्यायची असते. आपल्या देशाच्या लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही भागांत आली आणि २०११ पासून देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी, म्हणजे आपण बहुतेक पालक, पुष्कळांनी ती घेतलेली नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. हिपॅटायटिस सी तर आज बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. यकृतावर चरबी असलेल्या जाड व्यक्तीने वजन सात ते दहा टक्के कमी केले, तर दाह उतरतो. मुलांच्या डब्यातली पाकिटे आणि थंड पेये कमी करणे हा त्याचाच भाग आहे.

कावीळ झाली की माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवणे असे प्रकार आजही चालतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण कावीळ बी किंवा सी ची असेल, तर पिवळेपणा गेल्यावरही आजार आत चालू राहू शकतो. म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

आणखी एक विनंती. एखाद्या मुलाला किंवा त्याच्या घरात कोणाला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले, की त्याला वेगळे बसवण्याची भाषा होते. हा आजार एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, गळ्यात गळा घातल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, एकमेकांचे ब्लेड वापरल्याने आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. लस घेतलेल्याला तर भिण्याचे कारणच नाही. भीतीपोटी एका मुलाला वर्गाबाहेर काढणे म्हणजे शाळेने स्वतःचेच अंग पोखरण्यासारखे आहे. आपल्या शाळेत असे कधी होऊ नये, आणि आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांच्या लसीकरणाची नोंद पाहिली जावी, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवतो.

१९०९ मध्ये मेचनिकोव्ह रशियात जाऊन टॉलस्टॉय यांना भेटले. त्यांचे मोठे भाऊ इव्हान हे टॉलस्टॉय यांच्या एका गाजलेल्या कथेतील मरणासन्न न्यायाधीशाचे मूळ होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. संस्थेतील तरुण सहकारी आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. आधीच दुबळे झालेले हृदय थकत गेले आणि १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या सोबतीत ठेवलेली आहे.